प्रिड्झ बेमध्ये सील खातात नेमके कुठे? माझ्या नकाशावर सगळीकडेच ठिपके

ताळगाव_पठार · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी नकाशा करायचा आहे. आपलं भारती स्थानक ज्या प्रिड्झ बेच्या काठावर आहे, त्या भागात सील कुठे चरतात ते दाखवायचं. मीओप या टॅगधारी समुद्री प्राण्यांच्या माहिती-संचाच्या संकेतस्थळावरून केर्गेलेन बेटावर टॅग लावलेल्या एलिफंट सीलच्या नेटसीडीएफ फाइली उतरवल्या, सगळी स्थानं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, १ अंश × १ अंशाच्या चौकटी पाडल्या आणि कुठल्या चौकटीत किती ठिपके त्याप्रमाणे रंग भरले. तर झालंय असं:

केर्गेलेनच्या किनाऱ्यावरच सगळ्यात गडद रंग आला. तिथून अंटार्क्टिकापर्यंतचा जवळजवळ दोन हजार किमीचा रस्ताही रंगला, म्हणजे सील वाटभर खातोय असं दिसतं. काही ठिपके अ‍ॅमेरी आइस शेल्फच्या (समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फपठाराच्या) आत, चक्क बर्फावर पडलेत. आणि पुस्तकात 'सील बर्फाच्या कडेला क्रिल खातात' असं वाचलं होतं, तर माझे ठिपके कडेपासून बरेच आत, किनाऱ्याकडे आहेत.

मार्गदर्शकांनी नकाशा बघून एकच विचारलं, "किती खोलीवर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शेवटी एक परिच्छेद उत्तर ध्रुवाकडच्या, स्वालबार्डमधल्या आपल्या हिमाद्री स्थानकाजवळच्या फियोर्डातल्या (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यातल्या) सीलांवर लिहायचा आहे. तिथेही हेच तर्क चालतील का?

---

दर्यावर्दी_सडा · सोमवार, रात्री ११.०५

मार्गदर्शकांचा प्रश्नच खरा प्रश्न आहे. पण त्याच्याही आधी एक: सील म्हणजे कुठला सील? बाजारात कोणी 'मासे कुठे मिळतात' विचारलं तर आपण उलट विचारतो, बांगडा हवाय, इसवण हवाय की खुबे? तिन्हींची जागा एक नाही. सीलांचंही तसंच. 'बर्फाच्या कडेला क्रिल' हे वाक्य एका जातीपुरतं बरोबर आहे आणि ती जात तुमच्या फाइलीत नाही.

ती जात म्हणजे क्रॅबईटर. नाव साफ फसवं, खेकड्याशी संबंध नाही. याच्या आहाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग क्रिल. दाढांना खाचाखाचांची नक्षी असते, वरच्या-खालच्या दाढा मिटल्या की चाळण तयार होते. तोंडभर पाणी घ्यायचं, दात मिटायचे, पाणी बाहेर ढकलायचं, क्रिल आत राहतो. क्रिल साधारण बोटाएवढा, सहा सेंटिमीटरपर्यंत. दिसायला आपल्या जवळ्याचा थोराड भाऊ, पण जवळा कोळंबीच्या गोतातला आणि क्रिलचा गण वेगळा. अंधार पडला की क्रिल वर येतो, म्हणून क्रॅबईटरही रात्री वरच्या पाच-पन्नास मीटरांत बुड्या मारतो आणि दिवसा तरंगत्या बर्फाच्या लादीवर झोपतो. हिवाळ्यात क्रिल खाली गेला की त्यालाही खाली जावं लागतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ याच्या सातशे मीटरपर्यंतच्या बुड्या नोंदल्या आहेत. एकाच जातीची 'खायची खोली' ऋतूप्रमाणे इतकी बदलते.

भारती जिथे आहे त्या लार्समन हिल्सच्या समोर, किनाऱ्याला चिकटलेल्या घट्ट बर्फावर जो सील पडलेला दिसतो तो वेडेल. तो पॅक आइसकडे, म्हणजे सुट्या तरंगत्या बर्फाकडे, फारसा जात नाही. घट्ट बर्फात श्वासाचं भोक राखतो, पुढच्या दातांनी कडा किसून किसून. त्यात दात झिजतात. झिजले की भोकही राखता येत नाही आणि मासाही धरता येत नाही. त्याचं मुख्य खाणं सिल्व्हरफिश, वीतभर लांबीचा, झुंडीने राहणारा मासा. दिवसा हा मासा शे-दोनशे मीटर आणि त्याखाली असतो, तेव्हा वेडेलच्या बुड्याही तेवढ्या. मोठा टूथफिशही खातो, त्यासाठी आणखी खाली, सहाशे मीटरपर्यंत. आणि कधी उलट: बर्फाच्या खालच्या पृष्ठभागात कपारी असतात, त्यात छोटे मासे दडतात. वेडेल कपारीत नाकातून हवेचे बुडबुडे सोडतो, मासा बाहेर निसटतो, हा धरतो. १९९० च्या दशकात सीलच्या डोक्यावर कॅमेरा बसवून हे पाहिलं गेलं. म्हणजे एकाच भोकाखाली एक ताट दोन मीटरवर आणि दुसरं तीनशे मीटरवर. नकाशावर दोन्हींचा ठिपका एकच.

लेपर्ड सील पेंग्विन आणि इतर सीलांची पिल्लं खातो म्हणून प्रसिद्ध, पण क्रिलही भरपूर खातो, त्याच्याही दाढा चाळणीच्या. रॉस सील बर्फाचा म्हणून ओळखला जातो, पण विण आणि कात संपली की पॅक आइस सोडून उत्तरेला उघड्या समुद्रात जातो, खोल पाण्यातले स्क्विड आणि मासे खायला.

तुमचा एलिफंट सील मुळात बर्फाचा प्राणीच नाही. विण आणि कात टाकणं केर्गेलेन, साउथ जॉर्जिया, मॅक्वारी अशा बेटांवर. मधले महिने समुद्रात. सरासरी बुडी चारशे ते सहाशे मीटर, वीस-तीस मिनिटांची. वर दोन-तीन मिनिटं श्वास, की पुन्हा खाली, दिवसरात्र. कमाल खोली दोन हजार मीटरच्या पलीकडे. माद्या बहुतेक ध्रुवीय सीमेच्या (थंड आणि कोमट पाणी भेटतं त्या पट्ट्याच्या) आसपास खोल समुद्रात लँटर्नफिश खातात. हा मासा दिवसा खोल, रात्री वर, म्हणून माद्यांच्या बुड्याही दिवसा खोल आणि रात्री उथळ. नर मात्र बऱ्याचदा सरळ दक्षिणेला येऊन अंटार्क्टिकाच्या समुद्रबूड जमिनीवर तळाशी शिकार करतात. तुमचे ठिपके आत का आलेत त्याचं उत्तर इथे आहे. फाइलीत नर किती, माद्या किती ते आधी बघा.

एक गोष्ट गोव्याच्या माणसाला चकवते. आपल्याकडे समुद्रबूड जमिनीची कड शे-दीडशे मीटर खोलीवर येते. अंटार्क्टिकाची समुद्रबूड जमीन सरासरी चार-पाचशे मीटर खोल, काही घळी हजाराच्या खाली. बर्फाच्या वजनाने खंड दबलाय आणि हिमनद्यांनी तळ खरवडलाय. त्यामुळे तिथे 'किनाऱ्याजवळ' म्हणजे 'उथळ' हे समीकरण लावू नका.

---

रापणकार · मंगळवार, सकाळी ७.२०

वरचं सगळं मान्य. मी फक्त फाइलीबद्दल लिहितो, कारण मूळ घोटाळा तिथेच आहे.

मीओपची फाइल समुद्राच्या पाण्यासाठी बनलेली आहे, सीलच्या जेवणासाठी नाही. त्यात तापमान, क्षारता आणि दाब यांचे उभे छेद असतात, दिवसाला दोन-चार. टॅग साधारणपणे सहा तासांतली सगळ्यात खोल बुडी निवडून तिचाच छेद पाठवतो. म्हणजे दिवसातल्या साठेक बुड्यांपैकी तीन-चार, आणि त्याही मुद्दाम खोल निवडलेल्या. त्यावरून 'सील इतक्या खोलीवर खातो' म्हणायला गेलात तर उत्तर नेहमी खरं असेल त्यापेक्षा खोल येणार. बुड्यांची नोंद वेगळ्या फाइलीत असते. ऑस्ट्रेलियाच्या आयमॉस या समुद्र-निरीक्षण कार्यक्रमाच्या माहितीत टॅगगणिक बुड्यांचा तक्ता मिळतो: सुरुवात, अवधी, कमाल खोली, आणि बुडीचा आलेख मोजक्या मोड-बिंदूंत. तो घ्या. फक्त मार्ग हवे असतील तर २०२० साली प्रसिद्ध झालेला दक्षिण महासागरातल्या शिकारी प्राण्यांचा एकत्र संच आहे, १७ जाती आणि चार हजारांवर प्राणी, स्थानं साफ केलेली.

मोड-बिंदू का, पूर्ण आलेख का नाही? टॅग आर्गोस उपग्रहांशी बोलतो आणि एका निरोपात जास्तीत जास्त २५६ बिट मावतात. अँटेना पाण्याबाहेर असेल तेवढाच वेळ निरोप जातो. सील वर असतो दोन-तीन मिनिटं. त्यामुळे काटछाट करूनच पाठवावं लागतं.

आता स्थानं. आर्गोसच्या प्रत्येक स्थानाला दर्जा असतो. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० पर्यंत, १ म्हणजे दीड किमीपर्यंत, ० म्हणजे त्याहून जास्त. ए आणि बी या दर्जांना चूक किती याची मर्यादाच ठरलेली नसते. सीलची बहुतेक स्थानं या शेवटच्याच दोन दर्जांची असतात, कारण वर असताना एखाददोन निरोपच पोचतात. ए-बी फेकून दिलीत तर हातात काही उरणार नाही, तशीच ठेवलीत तर सील बर्फावरून चालत जाईल. मग क्रम असा ठेवा:

१. एकाच वेळेची दुहेरी स्थानं काढा.

२. वेगाची चाळणी. सलग दोन स्थानांमध्ये ताशी १० किमीपेक्षा जास्त वेग निघाला तर त्यातलं एक चुकीचं. एलिफंट सीलचा प्रवासाचा वेग ताशी चार-पाच किमीच्या आसपास असतो.

३. उरलेल्यांवर स्टेट-स्पेस मॉडेल, म्हणजे स्थानांतली चूक धरून खऱ्या मार्गाचा अंदाज काढणारं गणित. आरमध्ये अ‍ॅनिमोटम हे पॅकेज त्यासाठीच आहे, ते दर्जाप्रमाणे चूक धरून दर सहा तासांचं स्थान काढून देतं. एक-दोन दिवसांपेक्षा मोठं खिंडार असेल तिथे मार्ग तोडा. मॉडेल खिंडारातही छान गुळगुळीत रेघ काढतं आणि बघणाऱ्याला ती खरी वाटते.

४. टॅगचा ओला-कोरडा सेन्सर जिथे 'कोरडा' सांगतो ते सगळं वगळा. केर्गेलेनचा गडद रंग त्यामुळेच आलाय, तिथे सील वाळूवर पडलेत.

ठिपके मोजू नका, वेळ मोजा. ठिपके किती आले हे उपग्रह किती वेळा डोक्यावरून गेला त्यावरही ठरतं, आणि हे उपग्रह ध्रुवावरून फिरणारे असल्याने दक्षिणेला जाल तसे फेरे वाढतात. नुसते ठिपके मोजले की दक्षिण आपोआप गडद होते.

चौकटीही बदला. गोव्याच्या अक्षांशावर १ रेखांश म्हणजे सुमारे १०७ किमी. ६८ दक्षिणेला तोच ४२ किमीच्या आत-बाहेर. तुमच्या चौकटी दक्षिणेकडे निमुळत्या होत गेल्यात, तुलना होणार कशी? समान क्षेत्रफळाचं प्रक्षेपण घ्या, ईपीएसजी ६९३२ (प्रक्षेपणांच्या यादीतला क्रमांक), आणि २५ किमीची चौकट. चित्र छापायला ३०३१ चालेल, क्षेत्रफळ मोजायला नको.

अ‍ॅमेरीवरचे ठिपके: अर्धे वरच्या चाळणीत जातील. उरलेल्यांसाठी किनाऱ्याची फाइल कुठल्या सालची आहे ते बघा. २०१९ च्या सप्टेंबरात अ‍ॅमेरीचा १,६३६ चौरस किमीचा तुकडा तुटून हिमनग झाला. २०१९ आधीची किनारारेषा आणि नंतरचे सील असतील तर खऱ्याच पाण्यातला सील तुम्हाला बर्फात दिसेल. तुकडा तुटण्याआधीची कित्येक वर्षं शेल्फची कड पुढेही सरकत होती, म्हणून जुना सील आणि नवी रेघ असाही गोंधळ होतो.

---

खुबे_तिसऱ्या · मंगळवार, दुपारी १.१५

एक खोच. 'हळू फिरतोय, वळणं घेतोय म्हणजे खातोय' हे मॉडेल गृहीत धरतं, सिद्ध करत नाही. सील हळू फिरतो तो झोपतानाही, आणि बर्फाने वाट अडवली तरीही. अहवालात 'चरण्याची जागा' असं लिहिण्याआधी दुसरा पुरावा हवा.

एलिफंट सीलमध्ये तो पुरावा बुडीतच सापडतो. काही बुड्यांत सील पोहणं थांबवतो आणि नुसता वाहतो. विण किंवा कात संपवून रोडावलेला असेल तर दगडासारखा खाली जातो. चरबी साठू लागली की हे बुडणं मंदावतं, खूप चरबी झाली तर वर तरंगायला लागतो. आठवड्यागणिक हा वेग काढला की सील कुठल्या पट्ट्यात लठ्ठ झाला ते कळतं. दोन इशारे: चरबीत फरक दिसायला काही दिवस जातात, म्हणून आज दिसलेला फरक मागच्या पट्ट्यातला असू शकतो. आणि मोड-बिंदूंतून वाहती बुडी ओळखणं नाजूक काम आहे, तळावर टेकून झोपलेला सीलही तसाच दिसतो.

बुडीच्या आकाराचंही तसंच. तळ सपाट असलेली बुडी म्हणजे त्या खोलीवर वेळ घालवला, बहुधा शिकार. टोकदार बुडी म्हणजे प्रवास किंवा चाचपणी. 'बहुधा' हा शब्द अहवालात ठेवा.

आणि काय खाल्लं हे टॅग सांगतच नाही. त्यासाठी विष्ठा, पोटातला ऐवज किंवा मिशा. विष्ठेत माशांच्या कानातले खडे सापडतात, त्यावरून जात आणि आकार दोन्ही काढता येतात. पण छोटे खडे आम्लात विरघळतात, म्हणून छोटे मासे कमी मोजले जातात. स्क्विडची चोच उलट, पोटात दिवसेंदिवस अडकून राहते, म्हणून स्क्विड जास्त मोजला जातो. एलिफंट सील म्हणजे स्क्विडखाऊ, ही जुनी समजूत बऱ्याच अंशी चोचींनी तयार केलेली आहे. मिशीचं तसं नाही. ती वाढत जाते, तिचे तुकडे करून नायट्रोजन आणि कार्बनचे समस्थानिक मोजले की महिनोनमहिन्यांचा आहार ओळीने वाचता येतो: अन्नसाखळीत किती वरचं खाणं, किनाऱ्याजवळचं की उघड्या समुद्रातलं. जात मात्र कळत नाही.

क्रिलखाऊ सीलची विष्ठा गुलाबी असते, ते लांबूनही दिसतं.

---

ताळगाव_पठार · बुधवार, रात्री १०.३०

रापणकार बाब, दर्यावर्दी बाब, खुबेताई, तिघांचेही आभार. फाइली बदलल्या, चाळण्या लावल्या. केर्गेलेन गेलं, वाट फिकी झाली. आता दोन गडद पट्टे उरलेत. एक समुद्रबूड जमिनीच्या कडेवर, उताराला लागून. दुसरा आत, घळींच्या वर, तिथे बुड्यांचा तळ सपाट आणि खोली समुद्रतळाएवढीच. याच जागा का, हे पाण्याच्या छेदांवरून सांगता येईल का? आणि दिवस-रात्र कशी वेगळी करू? वेळा सगळ्या जागतिक प्रमाणवेळेत आहेत.

---

दर्यावर्दी_सडा · गुरुवार, सकाळी ६.५०

दिवस-रात्रीचं आधी, ते सोपं आहे. प्रिड्झ बे गोव्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. भारती ७६ पूर्वेच्या जरा पुढे, आपण ७४ च्या अलीकडे. जागतिक वेळेत पाच तास मिळवले की तिथली सूर्यवेळ झाली. पण घड्याळावर विसंबू नका. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत भारतीच्या अक्षांशावर सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात काही आठवडे उगवत नाही. प्रत्येक बुडीसाठी सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढा आणि शून्याच्या खाली-वर अशी विभागणी करा. उताराच्या पट्ट्यात दिवस-रात्रीचा फरक दिसला तर भक्ष्य वर-खाली करणारं, म्हणजे पाण्याच्या मधल्या थरातलं. घळींवर फरक दिसला नाही तर भक्ष्य तळाचं. गडद पट्टा एकसारखा दिसला तरी दोन वेगळी ताटं आहेत, नकाशावर त्यांना वेगळे रंग द्या.

आता पाणी. अंटार्क्टिकाभोवती मधल्या खोलीवर तुलनेने कोमट पाण्याचा जाड थर फिरत असतो, सर्कमपोलर डीप वॉटर. कोमट म्हणजे शून्याच्या वर एखाद-दीड अंश. वरचं हिवाळी पाणी उणे १.८ च्या आसपास. हे कोमट पाणी उतारापाशी वर चढतं आणि जिथे कडेला खिंडी किंवा घळी असतील तिथून समुद्रबूड जमिनीवर शिरतं. वाटेत मिसळून थंड होतं, म्हणून त्याला सुधारित म्हणतात. त्याच्यासोबत पोषक द्रव्यं येतात आणि मासे त्या थराच्या सीमेला धरून राहतात. तुमच्या छेदांत न्यूट्रल घनता (पाण्याचे थर ओळखायचं माप) २८.०० ते २८.२७ च्या दरम्यानचा आणि गोठणबिंदूपेक्षा स्पष्ट कोमट थर शोधा, आणि बुडीचा तळ त्या थरात पडतो का ते मोजा. बुडीची खोली मीटरमध्ये देण्यापेक्षा 'कुठल्या पाण्यात' ते देणं जास्त बोलकं. चुकवायचं एकच: सुधारणा केल्यावरही या छेदांची अचूकता साधारण ०.०३ अंश आणि क्षारतेत ०.०५ इतकीच असते. दुसऱ्या दशांशावरून थर वेगळे करायला जाऊ नका.

तुमच्या पश्चिमेला केप डार्नलीजवळ उलट प्रकार आहे. तिथे पोलिन्या आहे, म्हणजे बर्फाच्या मधोमध वाऱ्याने उघडं ठेवलेलं पाणी. बर्फ तयार होतो, वारा तो ढकलून देतो, पुन्हा तयार होतो. मागे राहिलेलं पाणी खारट, जड होत जातं आणि उतारावरून घरंगळतं. २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की अंटार्क्टिकाच्या तळपाण्याचा हा चौथा उगम आहे, आणि त्या शोधात टॅगधारी एलिफंट सीलांच्या छेदांचा वाटा होता. हिवाळ्यात तिथे जहाज जात नाही, सील जातो. या छेदांत तळाशी उणे १.९ च्या जवळचं खारट पाणी दिसलं तर यंत्राची चूक समजून कापून टाकू नका.

तळाचं ताट किती भरलेलं असू शकतं याला वेडेल समुद्रातलं उदाहरण द्या. २०२१ च्या फेब्रुवारीत पोलरश्टर्न या जर्मन जहाजावरून फिल्खनर घळीत कॅमेरा ओढताना आइसफिशची घरटी सापडली. सव्वाचारशे ते सव्वापाचशे मीटर खोलीवर, सुमारे २४० चौरस किमीवर पसरलेली, अंदाजे सहा कोटी. प्रत्येक घरटं पाऊण मीटर रुंदीची वाटोळी खळगी, बहुतेकांत राखणीला एक मासा. आजूबाजूपेक्षा दोनेक अंशांनी कोमट पाणी जिथे शिरतं नेमकं तिथेच. वेडेल सीलांचे जुने मार्ग त्यावर ठेवून पाहिले तर बुड्यांची गर्दी त्याच जागी. सीलला जागा ठाऊक होती, माणसाला कॅमेरा नेल्यावर कळली.

---

उत्तरवारा · गुरुवार, रात्री ८.१०

हिमाद्रीजवळच्या फियोर्डाबद्दल, म्हणजे कॉन्ग्सफियोर्डबद्दल, मी लिहितो. तर्क तोच, जागा वेगळी.

तिथला मुख्य सील म्हणजे रिंग्ड सील, आकाराने सगळ्यात लहानांपैकी. तोही घट्ट बर्फात भोकं राखतो, पण दातांनी नाही, पुढच्या पायांच्या नखांनी. वेडेल बर्फावर उघडा लोळतो, रिंग्ड सील भोकावरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात गुहा करतो. कारण उत्तरेला पांढरं अस्वल आहे, दक्षिणेला जमिनीवरचा शिकारीच नाही. प्रौढाचं खाणं मुख्यतः पोलर कॉड, शिवाय क्रिल आणि अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव).

स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर २००६ पासून हिवाळी बर्फ खूप कमी झाला. तेव्हापासून हे सील समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांच्या तोंडाशी जास्त वेळ काढतात. हिमनदीचं वितळलेलं पाणी तिच्या पोटाखालून, पृष्ठभागाच्या बऱ्याच खाली बाहेर पडतं. गोडं म्हणून हलकं, ते उसळी मारून वर येतं आणि येताना खालचं खारं पाणी ओढून आणतं. त्यात सूक्ष्म जीव असतात, गोड्या पाण्याच्या धक्क्याने ते अर्धमेले होतात. मासे जमतात, किटिवेक पक्षी जमतात, सील जमतात. झुआरीच्या मुखाशी ओहोटीला गढूळ पाण्याची कड आणि फेसाची रेघ दिसते, तसाच तपकिरी पट्टा तिथे असतो. फरक एवढाच की इथे पाणी आडवं येतं, तिथे तळातून उभं. नकाशावर हिमनदीच्या तोंडाची त्या सालची रेघ वापरा. ही तोंडं मागे सरकताहेत, दहा वर्षांपूर्वीची रेघ घेतलीत तर 'तोंडापासून अंतर' साफ चुकेल.

त्याच फियोर्डात बियर्डेड सील आहे, त्याचं सगळं तळाशी. शंभर मीटरच्या आतली बुडी, मिशांनी चिखल चाचपून शिंपले, कोळंबी, तळमासे. वॉलरसही शिंपल्यांचाच गिऱ्हाईक, आणखी उथळ. मांस चोखून कवच टाकून देतो. आपल्याकडे तिसऱ्या काढणाऱ्यांनाही ओळखीची जागा निघेल, मऊ चिखलवाळू आणि बेताची खोली.

बॅरेंट्स समुद्रात हार्प सील बर्फाच्या कडेबरोबर उत्तरेला सरकतो, कॅपेलिन मासा आणि अ‍ॅम्फिपॉडच्या मागे. हूडेड सील ग्रीनलंड समुद्रात हजार मीटरच्या खालीही जातो. तुमच्या एका परिच्छेदात एवढं मावणार नाही. हिमनदीचं तोंड विरुद्ध समुद्रबूड जमिनीची घळ, एवढीच तुलना करा. दोन्हीकडे पाणी उभं हलतं, म्हणून ताट भरतं.

प्रक्षेपण उत्तरेला ३४१३ घ्या. ३०३१ तसंच ठेवलंत तर क्यूजीआयएस तक्रार न करता भलतंच चित्र काढेल.

---

रापणकार · शुक्रवार, सकाळी ७.०५

तीन राहिलेल्या गोष्टी.

बर्फाची कड म्हणजे काय ते अहवालात लिहा. उपग्रहाच्या माहितीत १५ टक्के आच्छादन ही प्रचलित रेघ आहे. २५ किमीच्या जाळीतून कड काढून सीलचं अंतर ३ किमी आलं असं लिहू नका, जाळीच तेवढी बारीक नाही.

समुद्रतळासाठी आयबीसीएसओ या दक्षिण महासागराच्या तळाच्या नकाशाची दुसरी आवृत्ती घ्या, ५०० मीटरची जाळी. सीलची बुडी नकाशातल्या तळापेक्षा खोल निघाली तर घाबरू नका. अशा भागात सोनारच फिरलेलं नसतं, आकडे अंदाजाने भरलेले असतात, आणि सीलचाच आकडा खरा असण्याची शक्यता जास्त. अशा बुड्यांची वेगळी यादी ठेवा, मार्गदर्शकांना आवडेल.

आणि पुढे कधी स्वतः टॅग लावायचा विचार असेल तर: अर्ध्या किलोच्या आसपासचं यंत्र, कात टाकून झाल्यावर डोक्याच्या केसांवर इपॉक्सीने चिकटवतात, पुढच्या कातीला आपोआप गळतं. कातीच्या आधी लावलंत तर काही दिवसांत केसांसकट वाळूवर. त्यासाठी अंटार्क्टिकाच्या पर्यावरण करारानुसार परवाना लागतो, आणि २०२२ पासून आपला अंटार्क्टिक कायदाही आहे. वास्कोला सड्यावर एनसीपीओआर या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्रात आधी विचारा, मग यंत्राची किंमत.